मासा मिळो न मिळो, हिशेब आधी!

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लोक मित्रांसोबत मस्की हा मोठा शिकारी मासा धरायला जातात. दहा हजार वेळा गळ टाकाल तेव्हा एक मिळेल, अशी त्याची ख्याती! म्हणजे सुट्टी, लायसन्स, बोटीचं भाडं घालूनही रिकाम्या हातानं परतायची तयारी हवी.

मग ट्रिप फुकट? माझ्या मते नाही. मासा न मिळाल्यानं मैत्री तुटत नाही, पैशाचं आधी न बोलल्यानं तुटते. खर्च कसा वाटायचा, ऐनवेळी कुणी आलं नाही तर त्याचे पैसे कोण भरणार, हे निघण्याआधीच लिहून ठेवा.

मग निवांत गळ टाका. आमिष बोटीपाशी आलं की लगेच उचलू नका, पाण्यातच इंग्रजी आठसारखं फिरवा. मागोमाग आलेला मासा कधीकधी तिथेच झडप घालतो.

भागीदारीतही हेच. आधी हिशेब, मग चिकाटी. पार्टनरशी बोललात का? आजच बोला.