अंगठेबहाद्दरांची बटणं

सात बटणांचा माऊस मागितला की दुकानदार दोनच प्रश्न विचारतो. 'गेमिंगसाठी का?' आणि समोर बाई असेल तर 'भावासाठी का?' तिसरी शक्यता त्याच्या डोक्यात येत नाही, आणि त्याला तरी काय बोलणार? आत लाल-हिरवे दिवे, खोक्यावर चिलखत घातलेला राक्षस. अशी वस्तू आठ तास मान मोडून काम करणाऱ्या माणसासाठी असेल असं कुणाला वाटेल? माझं भांडण नेमकं याच्याशी आहे. जादा बटणं खेळणाऱ्यांना, आणि काम करणाऱ्यांना दोन बटणं नि एक चाक, ही वाटणी कुणी केली?

मी मराठी सबटायटल्स करते. चाळीस मिनिटांच्या एका भागात साधारण पाचशे ओळी. प्रत्येक ओळीची सुरुवात लावायची, शेवट लावायचा, दोन सेकंद मागे जाऊन पुन्हा ऐकायचं. शिवाय मराठी कीबोर्डवरून इंग्रजीवर जायचं आणि परत यायचं, कारण आपली पात्रं एका वाक्यात दोनदा भाषा बदलतात. साध्या माऊसवर यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक तर पडद्यावरच्या मुंगीएवढ्या चिन्हापर्यंत बाण न्यायचा, नाहीतर हात उचलून कीबोर्डवर, तिथून परत माऊसवर. दिवसभर हेलपाटे. आता अंगठ्याखालचं पुढचं बटण भाषा बदलतं, मागचं दोन सेकंद मागे नेतं. चाकामागची दोन बटणं विकत आणली तेव्हा बाणाचा वेग बदलायची होती. ती आता ओळीची सुरुवात आणि शेवट लावतात. चाक दाबलं की व्हिडिओ थांबतो. बाराशे रुपये. मनगटदुखी गेली वगैरे मी सांगणार नाही, त्याला अधूनमधून उठून फिरावंच लागतं. पण हेलपाटे गेले.

यात नवं काम कुणाला मिळालं? अंगठ्याला. हा लेख तुम्ही बहुधा अंगठ्यानेच सरकवत वाचताय. याच अंगठ्याने तुम्ही बघता बघता परिच्छेदच्या परिच्छेद टाइप करता. आणि तोच अंगठा ऑफिसात माऊसच्या कडेला भिंतीला टेकल्यासारखा दिवसभर नुसता उभा असतो. अंगठेबहाद्दर ही एकेकाळी शिवी होती. आपण मात्र खरेखुरे अंगठेबहाद्दर असूनही अंगठ्याला रिकामा बसवतो.

हे असंच ठरलेलं होतं असं नाही. डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने १९६४ मध्ये पहिला माऊस लाकडात बनवला, त्याला एकच बटण होतं. पण ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एंगलबार्टने जगाला माऊस दाखवला तेव्हा त्यावर तीन बटणं होती, आणि त्याच्या डाव्या हाताखाली पियानोसारख्या पाच पट्ट्यांचं आणखी एक यंत्र होतं. पट्ट्या एकत्र दाबून अक्षरं उमटवायची. शिकायला अवघडच. एंगलबार्टला त्याचं वावडं नव्हतं. शिकायला कष्ट पडले तरी चालतील, पण शिकलेल्याच्या हातात बळ आलं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

धंद्याने उलटी वाट धरली. १९८३ मध्ये ॲपलच्या लिसाबरोबर एका बटणाचा माऊस आला, पुढच्या वर्षी मॅकिंटॉशबरोबरही तसाच. नवख्या माणसाचा गोंधळ होऊ नये हे कारण. ज्याने आयुष्यात कधी संगणक पाहिला नव्हता त्याच्यासाठी ते योग्यच होतं. पण माणूस नवखा किती दिवस राहतो? आठवडाभर. नोकरी तीस वर्षं चालते. ॲपलने एकाहून जास्त बटणांचं काम करणारा स्वतःचा माऊस आणायला २००५ साल उजाडलं.

'पण कीबोर्डचे शॉर्टकट आहेत की!' हे मला नेहमी प्रोग्रामर मित्र ऐकवतात. ज्यांचे दोन्ही हात सतत कीबोर्डवर असतात त्यांचं बरोबर आहे. पण नकाशे काढणारा, फोटो कापणारा, पुस्तकाची पानं लावणारा डीटीपीवाला, यांचा एक हात माऊसवर असतोच. दुसरं म्हणजे हे शॉर्टकट इंग्रजी कीबोर्ड गृहीत धरून लिहिलेले असतात. मराठी लेआउट चालू केला की काही सॉफ्टवेअरमधले एका अक्षराचे शॉर्टकट मुकाट होतात. आधी भाषा बदला, मग शॉर्टकट दाबा, मग भाषा परत आणा. ज्यांना कधी भाषा बदलावीच लागत नाही त्यांनी आम्हाला कीबोर्डची महती सांगू नये.

(अंगठ्याखाली बारा बटणं असलेले माऊसही मिळतात. २००९ चा रेझर नागा तसाच. ती मात्र मला टेलिफोनची डबडी वाटतात. मोजता येतील इतकीच बटणं बरी.)

आता खरी गोम. विंडोजला माऊसची पाचच बटणं ओळखता येतात: डावं, उजवं, चाकाचं आणि बाजूची दोन. त्यापुढच्या बटणांचा अर्थ कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. तो माऊसच्या स्वतःच्या मेमरीत लिहिता येतो, किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. मी आधी वापरलेल्या एका माऊसचं सॉफ्टवेअर लॉगिन मागायचं. इंटरनेट गेलं आणि लॉगिन निसटलं की बटणं मुकी. पैसे माझे, अंगठा माझा, आणि बटण दाबल्यावर काय व्हावं हे ठरणार कुणाच्या तरी सर्व्हरवर!

फोनमध्ये हे आपण पाहिलेलं आहे. २०१७ च्या गॅलॅक्सी एस८ ला सॅमसंगने बिक्सबीचं वेगळं बटण दिलं. लोकांना त्या बटणाने दुसरं काहीतरी करायचं होतं, तर बटण बदलून देणारी ॲप्स अपडेटने बंद पाडली. परवानगी मिळाली २०१९ मध्ये, तीही दुसरा कुठलाच बोलका मदतनीस त्यावर ठेवायचा नाही या अटीवर. मग २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोवर आपल्या मर्जीने काम नेमून देता येणारं एक बटण आलं आणि ती मोठी सोय म्हणून मिरवली गेली. एक बटण! २०२४ मध्ये लॉजिटेकच्या प्रमुख हॅनेके फेबर यांनी एका मुलाखतीत 'कायमचा माऊस' ही कल्पना बोलून दाखवली, आणि त्यासोबत वर्गणीची शक्यताही. बोंबाबोंब झाल्यावर असं उत्पादन आणण्याचा बेत नाही असा खुलासा कंपनीने केला. बोंबाबोंब उपयोगी पडते, एवढं यातून घ्या.

तेव्हा माऊस घेताना दिवे बघू नका. मेमरी माऊसमध्येच आहे का ते विचारा, आणि घरी आणल्यावर तपासा: बटणाला काम द्या, माऊस काढा, मित्राच्या लॅपटॉपला लावा. बटणाला काम आठवलं तर माऊस तुमचा. नाही आठवलं तर परत करा. लिनक्सवर असाल तर पायपर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर बऱ्याच माऊसांना खात्याशिवाय हे शिकवतं.

ऑफिसवाल्यांचं दुखणं वेगळं. मी पूर्वी एका ऑफिसात होते, तिथे आम्ही मिनिटाला किती क्लिक करतो हे मोजणारं सॉफ्टवेअर होतं, पण जादा बटणांचा माऊस मागितला तर 'पॉलिसीत बसत नाही'. बाहेरचं सॉफ्टवेअर नको ही त्यांची भीती मला समजते. त्यातून खरंच नको ते आत येऊ शकतं. पण मेमरीवाल्या माऊसला ऑफिसच्या यंत्रावर काहीच बसवावं लागत नाही. घरून बटणं शिकवून आणायची आणि तिथे लावायचा. हे मी लिहून दिलं होतं. उत्तर आलं की एकाला दिला तर सगळे मागतील. मागू देत ना. सुताराला रंधा घासून घ्यायला कुणी परवानगी मागायला लावत नाही. पुढच्या वेळी एचआरने 'अजून काय हवं?' विचारलं तर आधी धड खुर्ची मागा, मग हा माऊस, आणि मागणी एकट्याने करू नका. शेजारच्या चार टेबलांची नावंही त्याच कागदावर घ्या.