बँकेशी ताळमेळ घेण्यात आलेला नाही

हे वाक्य मी नोकरीत किती वेळा लिहिलं, याची मोजदाद नाही. स्थानिक संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. पंचायत समिती असो, नगर परिषद असो, अहवालात हा परिच्छेद ठरलेला. रोखवहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक यांत तफावत दिसून येते, बँकेशी ताळमेळ घेण्यात आलेला नाही, खुलासा करावा. खुलासाही ठरलेला यायचा. "ताळमेळ घेण्याची कार्यवाही सुरू असून पूर्ण होताच लेखापरीक्षणास दाखवण्यात येईल." पुढच्या वर्षी आम्ही त्याच कार्यालयात जायचो, तेव्हाही कार्यवाही सुरूच असायची.

निवृत्तीनंतर हे वाक्य सुटलं असं वाटलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सकाळच्या पेपरातली बातमी वाचताना ते पुन्हा आठवलं. आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या गारखेडा परिसरातल्या विभागीय क्रीडा संकुलाच्या बँक खात्यातून २१ कोटी ५९ लाख रुपये गेले होते. पोलिसांनी सांगितलं ते असं : महिना तेरा हजारांवर काम करणाऱ्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याने जुन्या लेटरहेडचा वापर करून बँकेला पत्र पाठवलं आणि खात्याला जोडलेला ई-मेल पत्ता बदलून घेतला. नवा पत्ता मूळ पत्त्यासारखाच, एखाद्या अक्षराच्या फरकाचा. मग नेट बँकिंग सुरू करून घेतलं आणि जुलै ते डिसेंबर या काळात रकमा १३ खात्यांत वळवल्या. दोषी कोण, किती, ते न्यायालय ठरवेल. मला बोलायचं आहे ते त्या मधल्या महिन्यांबद्दल.

त्या आठवड्यात सिडकोच्या भाजीबाजारापासून आमच्या भिशीपर्यंत सगळीकडे हाच विषय होता. बीएमडब्ल्यू गाडी, विमानतळाजवळचा मोठा फ्लॅट, हिरे जडवलेला चष्मा. लोकांना दोष देत नाही. तेरा हजारांचा माणूस बीएमडब्ल्यूत बसला म्हटल्यावर नजर तिथेच जाणार. पण मी हिशेबात केस पांढरे केलेली बाई. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. जुलैचा ताळमेळ कोणी घेतला? ऑगस्टचा? सप्टेंबरचा? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोणी जबाबदार माणूस बँकेत जाऊन जुलैचा उतारा घेऊन बसला असता, तर चोरी त्याच महिन्यात सापडली असती. पैसेही बरेचसे वाचले असते.

ताळमेळ घेणं हे काही मोठ्या विद्येचं काम नाही. एका बाजूला रोखवही, दुसऱ्या बाजूला बँकेचा उतारा. वहीतल्या नोंदीवर निळी खूण, उताऱ्यातल्या तिच्या जोडीदारावर लाल खूण. खुणा संपल्या की जे बिनखुणेचं उरतं तेच पाहायचं. चेक दिला पण वटला नाही, बँकेने शुल्क कापलं, व्याज जमा झालं, अशी कारणं सापडत जातात. शेवटी एखादी अशी रक्कम उरते जिच्यासमोर लिहायला काहीच नसतं. तिथे थांबायचं आणि ती सुटेपर्यंत उठायचं नाही. एका खात्याला फार तर दोन तास लागतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वरिष्ठांनी मला हे शिकवलं, तेव्हा एक पथ्यही सांगितलं होतं. उतारा कार्यालयातल्या माणसाने आणून दिलेला घ्यायचा नाही. आपण बँकेत जायचं, काउंटरवर उभं राहायचं, आपल्या डोळ्यांसमोर छापून घ्यायचा. त्या वेळी मला तो उगाचचा संशय वाटला होता. आज कुठलाही उतारा घरच्या संगणकावर हुबेहूब तयार करता येतो, आणि त्यांचं पथ्य पटतं.

नियम नाहीत असंही नाही. महाराष्ट्र कोषागार नियम १९६८ चे आहेत. रोखवहीतली प्रत्येक नोंद कार्यालयप्रमुखाने तपासून सही करायची, बेरजा त्याने स्वतः पाहायच्या किंवा जो वही लिहीत नाही अशा दुसऱ्या जबाबदार माणसाकडून पाहून घ्यायच्या, महिनाअखेरीला रोकड मोजून तसा दाखला लिहायचा. जो लिहितो त्यानेच तपासायचं नाही, एवढा साधा विचार त्यामागे आहे. माझ्या मते सुशासन नावाच्या गोष्टीचा पाया इथे आहे. व्याख्यानं आणि शपथा नंतरच्या. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी दक्षता सप्ताह होतो, कर्मचारी ओळीने उभे राहून हात पुढे करून प्रतिज्ञा घेतात. त्याच तासात प्रत्येकाने आपल्या टेबलावरचा एकेक ताळमेळ पुरा केला, तर त्या सप्ताहाचं सार्थक होईल.

मग होत काय? लेखा शाखेतली पदं रिकामी असतात. ज्याचा हात संगणकावर चांगला चालतो असा पोरगा एजन्सीमार्फत कंत्राटावर येतो. त्याला ना सेवापुस्तक, ना वेतनश्रेणी, ना उद्याची खात्री. पण पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपीचा फोन त्याच्याकडे, बँकेत ये-जा त्याची. बाकीच्यांना संगणकाची धास्ती, म्हणून सगळं त्याच्यावर सोपवलेलं. माझ्या शेवटच्या काही वर्षांत मी हे जागोजागी पाहिलं. डिजिटल सही करायचं साहेबांचं टोकन दुसऱ्याच्याच ड्रॉवरमध्ये पडलेलं असायचं. विचारलं की उत्तर यायचं, "साहेब दौऱ्यावर असतात मॅडम, कामं अडून राहतात."

आणि सह्यांची ती पद्धत. पन्नास-साठ फायलींचा गठ्ठा घेऊन माणूस साहेबांच्या डाव्या हाताला उभा राहतो. प्रत्येक फाइल नेमकी सहीच्या पानावर उघडलेली, वरचा मजकूर झाकला जाईल असा कागद दुमडलेला. साहेबांना दिसते ती फक्त सहीची जागा. साहेब फोनवर बोलताहेत, हात चालू आहे. मी समोर बसून असे गठ्ठे संपताना पाहिले आहेत. यातले बहुतेक अधिकारी पैसे खाणारे नव्हते, हे मला आवर्जून सांगायचं आहे. सरळ माणसं होती, घरी साधं राहणारी. पण त्यांनी न वाचता केलेल्या सहीवर कोणीतरी दुसरा श्रीमंत होत होता. "मला माहीतच नव्हतं" असं ते नंतर चौकशीत म्हणत, आणि ते खरंही असे. ते माहीत असणं हेच त्यांचं काम होतं.

आपल्याकडे भ्रष्टाचार म्हटलं की सापळा आठवतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक, पावडर लावलेल्या नोटा, रंगेहाथ पकडलेला तलाठी किंवा अभियंता. ते काम लागतंच. सातबाऱ्याच्या फेरफारासाठी शेतकऱ्याला ओरबाडणारा हात पकडलाच पाहिजे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा झालं आहे, पण ज्याच्याकडून जबरदस्तीने घेतली त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांकडे किंवा या विभागाकडे तक्रार केली तर त्याला तो लागू होत नाही. हे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून मी भेटेल त्याला सांगते. पण सापळ्यासाठी कोणीतरी लाच मागावी लागते आणि कोणाचा तरी खिसा दुखावा लागतो. सरकारी खात्यातून परस्पर गेलेल्या पैशात कोणा एकाचा खिसा दुखत नाही, तक्रार करायला कोणी येत नाही. तिथे फक्त वही आणि उतारा बोलतात, तेही कोणी शेजारी शेजारी ठेवले तर.

आता आमच्या बाजूचं बोलते. ते लपवून बाकीच्यांवर लिहिणं मला जमणार नाही.

एका तालुक्याच्या ठिकाणचं कार्यालय, नाव लिहीत नाही. टीसीएल पावडरची खरेदी तपासत होते. तीच, पाणी शुद्ध करायला विहिरीत आणि टाकीत टाकतात ती. बिलं होती, पोचही होती. साठा नोंदवही उघडली आणि लक्षात आलं की वर्षभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्या आहेत. एप्रिलची शाई आणि मार्चची शाई एकच, अक्षराचा कलही तोच. गोदामात गेले. एका कोपऱ्यात फाटकी तीन पोती होती, बाकी भिंत. वसूलपात्र रक्कम निघत होती ४१ हजार. संध्याकाळी वडाच्या झाडाखाली एसटीची वाट बघत उभी असताना हेडक्लार्क आले. माझ्या वडिलांच्या वयाचे. म्हणाले, "ताई, पुढल्या महिन्यात लेकीचं लग्न आहे. एवढी एक बाजू सांभाळून घ्या." डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं.

मी सांभाळून घेतलं. वसुलीचा परिच्छेद काढला आणि "साठा नोंदवहीतील नोंदी वेळच्या वेळी घ्याव्यात" असं लिहिलं. दिवाळीत घरी एक साडी आली, ती मी त्याच माणसाबरोबर परत पाठवली. साडी परत केल्यावर मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. ती पावडर विहिरींत पडायची होती. त्या विहिरींचं पाणी पिणारी लेकरं मी येता-जाता एसटीच्या खिडकीतून पाहत होते. त्यांच्यातलं कोणी झाडाखाली येऊन मला "ताई, सांभाळून घ्या" म्हणालं नाही. गेल्या वीस वर्षांत ही गोष्ट मी फार थोड्यांजवळ बोलले आहे.

म्हणून लेखापरीक्षण झालं की सगळं ठीक, असं मी कोणाला सांगणार नाही. आम्ही बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांनी पोचतो. जेवणाची व्यवस्था ज्यांचा हिशेब तपासायचा त्यांनीच केलेली असते. अहवाल जातो, अनुपालन येत राहतं, परिच्छेद वर्षानुवर्षं प्रलंबित राहतात. २०२३ मध्ये याच शहरात आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेचा सुमारे २०० कोटींचा घोटाळा बाहेर आला आणि आयुष्यभराची पुंजी ठेवलेली म्हातारी माणसं रस्त्यावर उतरली. त्यांच्यातल्या कोणालाही संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल कधी कोणी वाचून दाखवला नसेल.

शहराच्या पाण्याच्या हिशेबाचंही थोडं सांगते. जायकवाडी धरण आपल्यापासून पन्नास-एक किलोमीटरवर. समांतर जलवाहिनीचा ७९२ कोटींचा करार २०११ मध्ये झाला, २०१४ मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपनीच्या हाती गेला, २०१६ मध्ये करार रद्द झाला. मग २०१९ मध्ये १६८० कोटींची नवी योजना मंजूर झाली, ती पुढे २७४० कोटींवर गेली. यात कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. मला खुपतं ते वेगळं. काम कुठवर आलं याचा हिशेब शेवटी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला मागावा लागला. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार राहिला. स्थायी समितीच्या बैठकांत काय चालायचं याबद्दल शहराच्या मनात फार आदर नव्हता, हे खरं. तरी तिथे कोणीतरी उठून "हे देयक कशाचं?" असं विचारू शकत होतं आणि त्याचं इतिवृत्त लिहिलं जात होतं. विचारणारं माणूसच नाही अशी वर्षं शहराने काढली.

मला हवं आहे ते फार थोडं आहे. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ पासून आणि देशात २००५ पासून आहे. त्याच्या चौथ्या कलमात कार्यालयांनी कोणी न मागता आपणहून माहिती प्रसिद्ध करावी असं लिहिलं आहे. मग प्रत्येक कार्यालयाने दर महिन्याच्या दहा तारखेला आपल्या बँक खात्यांचा ताळमेळ फलकावर लावावा. वहीत किती, बँकेत किती, फरक का, आणि खाली कार्यालयप्रमुखाची सही, तारखेसकट. पैशाचे व्यवहार सांभाळणारी पदं कायम माणसांनी भरावीत. बँकांनी सरकारी खात्याचा ई-मेल किंवा फोन बदलण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याला समोर बोलवावं. त्याने काही कामं दोन दिवस अडतील. अडू द्यावीत.

मुकुंदवाडीतल्या एका बचत गटाची वही मी अधूनमधून पाहते. चौदा जणी आहेत, बहुतेक धुणंभांडी करणाऱ्या, एकीचा बांगड्यांचा गाडा. दर महिन्याला वही आणि पासबुक मध्यभागी ठेवून आकडे मोठ्याने वाचतात, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. गेल्या खेपेला वहीत १८,४६० निघाले आणि पासबुकात १८,४४२ रुपये ३० पैसे. कोषाध्यक्ष पोरीचा चेहरा उतरला. रात्रीचे नऊ वाजत आले होते, कोणाची भाकरी व्हायची होती, कोणाचं लेकरू पेंगत होतं. सगळ्यांत वयस्कर मावशी, अक्षरओळख नसलेल्या, मांडी न मोडता म्हणाल्या, "सतरा रुपये कुठं गेले ते सांगा, मंग उठू."

वीस मिनिटं गेली. मग पासबुकाच्या पानात, पुसट शाईत, एका ओळीत सापडलं. एसएमएसचं शुल्क, १७ रुपये ७० पैसे. पोरीने सुटकेचा श्वास सोडला. मावशींनी नाही सोडला. "आपल्याला न इचारता कापले व्हय?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी दोघी जणी कामाला खाडा करून बँकेत विचारायला गेल्या.