पाण्याखालचा पहिला कॅमेरा छोटाच हवा

दिवाळीचा बोनस हातात पडला की पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मालवण-तारकर्लीचे बेत ठरू लागतात. पावसाळ्यात बंद असलेलं स्कुबा डायव्हिंग तोवर पुन्हा सुरू झालेलं असतं. गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला एखादी रजा जोडली की रात्रीच्या गाडीने जाऊन, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात डुबकी मारून परतता येतं. काहींना त्याचा नाद लागतो, रीतसर कोर्स करावासा वाटतो आणि लगेच प्रश्न पडतो की पाण्याखाली न्यायला कॅमेरा कोणता घ्यावा. याचं उत्तर हमखास मेगापिक्सेल, सेन्सर आणि फोर-के यांच्या हिशेबात दिलं जातं. पहिल्या खरेदीपुरता हा हिशेब जवळपास गैरलागू आहे. कॅमेरा निवडावा तो आपल्या समुद्राचं पाणी आणि आपल्या हातांची तयारी बघून. या दोन्ही कसोट्यांना छोटा, एका हातात मावणारा कॅमेराच उतरतो.

आधी पाण्याचं बघू. प्रकाशातला लाल रंग पाणी सगळ्यांत आधी गिळतं. पाच-सहा मीटरवरच तो बराचसा नाहीसा होतो, पाठोपाठ नारिंगी जातो, मग पिवळा. इथे नुसती खोली मोजून भागत नाही. कॅमेरा आणि मासा यांच्यातलं अंतरही त्यात मिळवावं लागतं, कारण प्रकाशाला तेवढं पाणी पुन्हा ओलांडावं लागतं. त्यात कोकण किनाऱ्याचं पाणी अंदमानसारखं निळं आणि नितळ क्वचितच असतं. प्लवक आणि गाळामुळे ते हिरवट दिसतं आणि कित्येकदा काही मीटरांपलीकडचं सगळं धूसर होतं. अशा पाण्यात कॅमेऱ्याच्या अंगचा फ्लॅश उडवला तर तरंगणारा प्रत्येक कण उजळतो आणि फोटो पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातो. त्यावर उपाय ठरलेले आहेत. विषयाच्या हातभर जवळ जायचं, इतक्या जवळूनही नीट फोकस करणारी लेन्स वापरायची आणि दिवा लेन्सपासून दूर, बाजूच्या दांड्यावर ठेवायचा. महागडा सेन्सर यातलं एकही काम करत नाही. मध्ये चार मीटर गढूळ पाणी असेल तर तो ते गढूळपणच अधिक बारकाईने टिपतो.

म्हणून सुरुवातीला दोनच पर्याय विचारात घ्यावेत. मुख्यतः व्हिडिओ हवा असेल तर अ‍ॅक्शन कॅमेरा. गोप्रोची अलीकडची मुख्य मॉडेल्स तशीच १० मीटरपर्यंत चालतात आणि कंपनीच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे जलरोधक कवचात, ६० मीटरपर्यंत. फोटो हवे असतील तर ऑलिम्पसने सुरू केलेल्या टीजी मालिकेसारखा कॉम्पॅक्ट. टीजी-६ नुसता १५ मीटरपर्यंत टिकतो, त्याच्या हाऊसिंगमध्ये ४५ मीटरपर्यंत, आणि लेन्ससमोर एक सेंटिमीटरवर असलेली वस्तूही टिपतो. समुद्री गोगलगायी, खेकडे, खडकांच्या फटीतले लहान मासे हे विषय गढूळ पाण्यातही जमतात ते याच सोयीमुळे. ओपन वॉटर प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर असते, तेव्हा दोन्ही कॅमेऱ्यांना हाऊसिंग हवंच. मोबाइलवरच्या आयपी६८ या शिक्क्यावर तर मुळीच विसंबू नये. ती चाचणी गोड्या पाण्यात आणि कंपनीने सांगितलेल्या मोजक्या खोलीवर होते. खारं पाणी आणि दहा मीटरवर दुप्पट होणारा दाब तिच्यात धरलेला नसतो. कॅमेऱ्यात वाचलेले पैसे एका चांगल्या डायव्हिंग दिव्यात घालावेत.

दुसरी कसोटी हातांची. नवख्या डायव्हरला हवेचा काटा, कानांवरचा दाब आणि जोडीदार या तिन्हींकडे एकाच वेळी लक्ष द्यावं लागतं. त्यातच बॉयन्सी, म्हणजे वर न उसळता आणि खाली न बसता अधांतरी राहण्याचं कसब, अजून अंगात मुरलेलं नसतं. हातात कॅमेरा आला की नजर काट्यावरून स्क्रीनवर जाते. फोटो हलू नये म्हणून श्वास रोखण्याची सवय जमिनीवर चालून जाते. पाण्याखाली श्वास रोखून थोडंसं वर आलं तरी फुप्फुसांना इजा होऊ शकते. धोका डायव्हरपुरताच राहत नाही. कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावरचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेरा बाळगणाऱ्यांचा प्रवाळांना होणारा स्पर्श इतरांपेक्षा जास्त आढळला. डायव्हआधीच्या छोट्या सूचनेने फरक पडला नाही. गाईडने पाण्यातच हटकल्यावर पडला. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. जड कॅमेरा आणि कच्ची बॉयन्सी घेऊन तिथे उतरणं म्हणूनच बेजबाबदारपणाचं ठरतं.

यावर आक्षेप येतील. पहिला, आयुष्यातली पहिली डुबकी टिपायची नाही का? जरूर टिपावी, पण पर्यटकांना उतरवणारे व्यावसायिक बहुधा स्वतःच चित्रीकरण करून देतात. त्यासाठी आपले हात अडकवायची गरज नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आज छोटा आणि उद्या मोठा असा दुहेरी खर्च करण्यापेक्षा एकदाच चांगला का घेऊ नये? घरी मिररलेस कॅमेरा असेल तर नुसतं हाऊसिंगच तर घ्यायचं. पण ते हाऊसिंग अनेकदा कॅमेऱ्याइतकंच किंवा त्याहून महाग असतं, लेन्सप्रमाणे पोर्ट, म्हणजे लेन्ससमोरचा पारदर्शक भाग, वेगळा लागतो आणि दिव्यांचा खर्च निराळाच. शिवाय ते सहसा एकाच मॉडेलच्या मापाचं असतं. कॅमेरा बदलला की ते पडून राहतं. मोठ्या संचाकडे वळलेल्यालाही छोटा कॅमेरा जोडीला वापरता येतो. तिसरा आक्षेप मान्यच करायला हवा. कॅमेऱ्यामुळे माणूस नीट बघायला शिकतो आणि हौशी मंडळींच्या फोटोंमधून समुद्री जिवांच्या नोंदी होऊ शकतात. मात्र ओळख पटेल असा जवळून काढलेला स्वच्छ फोटो त्याला पुरतो, आणि तो छोट्या कॅमेऱ्यातून मिळतो.

राहिला प्रश्न देखभालीचा, आणि तिथे या पट्ट्यातला माणूस मुळातच तयार आहे. पंप किंवा सिलिंडर हेड लीक टेस्टशिवाय पुढे सोडायचं नसतं, हे भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरवर कुणाला शिकवावं लागत नाही. हाऊसिंगचीही सगळी मदार ओ-रिंगवर असते. एक केस किंवा वाळूचा कण मध्ये अडकला तर कॅमेरा गेलाच म्हणून समजा. प्रत्येक वेळी रिंग उजेडात निरखावी, तिची खाचही पुसावी, कंपनीने सांगितलं असेल तरच आणि तेवढंच ग्रीस लावावं. नवं हाऊसिंग आधी आत टिश्यू पेपर घालून, कॅमेऱ्याशिवाय बादलीत बुडवावं आणि पहिल्या डायव्हलाही रिकामंच न्यावं, कारण खोलीवरच्या दाबाची परीक्षा बादलीत होत नाही. वर आल्यावर मीठ सुकायच्या आत ते गोड्या पाण्यात ठेवावं.

तेव्हा बोनसच्या पैशांचा क्रम असा असावा: आधी कोर्स, मग कॅमेऱ्याशिवाय काही डायव्ह, मग जमल्यास भाड्याच्या कॅमेऱ्यावर एखादी फेरी, आणि शेवटी छोटा कॅमेरा, हाऊसिंग आणि दिवा. दुकानात आधी मेगापिक्सेल विचारण्यापेक्षा हाऊसिंग किती खोलीपर्यंतचं आहे, कॅमेरा किती जवळून फोकस करतो आणि सुटी ओ-रिंग मिळते का, हे विचारावं. ज्या कॅमेऱ्याबद्दल या तिन्हींची समाधानकारक उत्तरं मिळतील, तो पहिल्या खरेदीला पुरेसा आहे.