बर्लिनचा आदेश आणि बागलाणचा मका

४ एप्रिल २०२२ रोजी जर्मन सरकारनं एक आदेश काढला. ‘गॅझप्रॉम जर्मानिया’ ही रशियन मालकीची कंपनी त्या दिवसापासून जर्मनीच्या सरकारी नियामकाच्या ताब्यात गेली. रशियानं युक्रेनवर चाल करून जेमतेम सव्वा महिना झाला होता. रेडेन इथली जर्मनीतली सर्वांत मोठी गॅस साठवण याच कंपनीच्या हाती होती आणि आदल्या हिवाळ्यात ती जवळपास रिकामी राहिली होती. तेव्हा घराच्या चाव्या शेजाऱ्याकडे ठेवायच्या नाहीत, असा विचार जर्मनांनी केला तर त्यात गैर काही नव्हतं.

पण या कंपनीच्या पोटात सिंगापूरची एक उपकंपनी होती, आणि तिनं भारताच्या सरकारी गॅस कंपनीशी, ‘गेल’शी, २०१२ मध्ये वीस वर्षांचा करार केला होता. वर्षाला २५ लाख टन द्रवरूप गॅस जहाजानं पोचवायचा. २०१८ च्या जूनमध्ये पहिलं जहाज गुजरातेत दहेजला लागलं, तेव्हा केंद्रीय मंत्र्यांपासून सगळे स्वागताला हजर होते. २०२२ च्या पावसाळ्यात हीच जहाजं यायची बंद झाली. मधल्या काळात ताबा बदलला होता, कंपनीचं नावही बदललं होतं. नवं नाव ‘सेफे’. युरोपसाठी ऊर्जा सुरक्षित करणं, असा त्याचा इंग्रजी विस्तार. भारतासाठी नव्हे, हे नावातच लिहिलं होतं.

आदेश काढणाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्याचं, सटाण्याचं, नाव ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. सटाण्याला रशिया मात्र अनोळखी नाही. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातली अर्ली, म्हणजे हंगामाआधी येणारी, द्राक्षं नोव्हेंबर-डिसेंबरात रशियाला जातात, तेव्हा रुबलचा भाव काय आणि पैसे कधी सुटणार, याची चौकशी बागलाणातही होते. गॅसची गोष्ट वेगळी. ती इथे युरियाच्या गोणीतून येते.

युरोपची कहाणी आधी सांगितली पाहिजे, कारण मेख तिथेच आहे. बाल्टिक समुद्राच्या तळाशी १,२२४ किलोमीटरचा दुहेरी नळ टाकून रशियाचा गॅस थेट जर्मनीत उतरवायचा, ही ‘नॉर्ड स्ट्रीम’ योजना. जर्मनीचं चॅन्सलरपद सोडल्यावर गेरहार्ड श्रोडर याच प्रकल्पाच्या भागधारक समितीचे प्रमुख झाले, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये अँगेला मर्केल यांनी त्याचं उद्घाटन केलं. आपल्याला वगळून समुद्रातून वाट काढली, म्हणून पोलंड चिडला. त्यांचे तेव्हाचे संरक्षणमंत्री सिकोर्स्की यांनी तर २००६ मध्येच या योजनेची तुलना हिटलर-स्टालिन काळातल्या कराराशी केली होती. जर्मनांना ते अतिरंजित वाटलं. गॅस स्वस्त होता, कारखाने धडाक्यानं चालले होते. अशा वेळी शेजाऱ्याचं रडगाणं कोण ऐकतो?

युद्धाच्या तोंडावर युरोपीय संघाला लागणाऱ्या आयात गॅसपैकी ४० टक्क्यांहून अधिक गॅस रशियाचा होता. २०२२ च्या उन्हाळ्यात कॅनडात दुरुस्तीला गेलेल्या एका टर्बाइनवरून महिनाभर वाद रंगला; टर्बाइन नाही म्हणून गॅस कमी, असं गॅझप्रॉम सांगत होती. ऑगस्टच्या अखेरीस नळ ‘देखभालीसाठी’ बंद झाला तो पुन्हा सुरू झालाच नाही. २६ सप्टेंबरला बोर्नहोम बेटाजवळ या नळावर स्फोट झाले आणि समुद्राचं पाणी खदखदायला लागलं. त्याच्या महिनाभर आधी नेदरलँड्समधल्या टीटीएफ बाजारात, जिथे युरोपच्या गॅसचा भाव ठरतो, एका मेगावॅट-तासाचा दर ३०० युरोंच्या वर गेला होता. युद्धाआधीच्या शांत वर्षांत तो वीसच्या आसपास असायचा.

नळातला गॅस दोन टोकांना बांधून ठेवतो. विकणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक नसतं, घेणाऱ्याला दुसरा पुरवठादार नसतो. जहाजातल्या गॅसचं तसं नाही. उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव केलेला गॅस जिथे पैसा जास्त तिकडे वळतो, भर समुद्रातसुद्धा. युरोपचा नळ तुटला आणि तो खंड खिसा भरून जहाजांच्या बाजारात उतरला, तेव्हा बाकीच्यांची गत काय झाली? पाकिस्ताननं जुलै २०२२ मध्ये दहा जहाजांसाठी निविदा काढली. एकही बोली आली नाही. बांगलादेशनं तयार बाजारातून गॅस घेणंच थांबवलं आणि वेळापत्रक लावून भारनियमन सुरू केलं.

भारत त्यांच्याइतका हतबल नव्हता, पण गेलला कात्री लावावी लागली. खत कारखान्यांचा पुरवठा सुमारे दहा टक्क्यांनी कमी केला गेला. गॅसची कात्री खताला का लागते, हे समजायला युरियाची कृती माहीत हवी. गॅसमधला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन एकत्र आणून अमोनिया करायचा, त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून युरिया. गॅस कच्चा मालही आणि इंधनही, म्हणून युरियाच्या खर्चात सत्तर-ऐंशी टक्के वाटा एकट्या गॅसचा. कारखान्यात अमोनिया करण्याची विद्या ज्या बीएएसएफ या जर्मन कंपनीनं १९१३ मध्ये लुडविग्सहाफेनजवळ जगात पहिल्यांदा वापरात आणली, तिनंच फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या गावातला आपला एक अमोनिया कारखाना कायमचा बंद करायचं ठरवलं. गॅस परवडत नव्हता.

आता सटाणा, ताहाराबाद, नामपूर, कुठलंही कृषी सेवा केंद्र घ्या. मका गुडघ्याला लागला, पावसानं दोन दिवस उघडीप दिली, की सगळ्यांना एकाच वेळी युरिया हवा असतो. काउंटरवर ई-पॉस यंत्र. मातीनं घासून गुळगुळीत झालेला अंगठा ते पहिल्या झटक्यात ओळखत नाही. मग तो पायजम्याला पुसायचा, पुन्हा ठेवायचा, नाहीतर बायकोला किंवा पोराला बोलवायचं. गोणीवर मोठ्या अक्षरांत ‘भारत युरिया’. पूर्वी आरसीएफ कंपनीचा ‘उज्ज्वला’ मागून घेणारे होते; २०२२ पासून देशभर एकच नाव. गोणी ४५ किलोची आणि किंमत २६६ रुपये ५० पैसे.

बर्लिनमध्ये काही होवो, डच बाजारात काही होवो, ही किंमत हलली नाही. युरियाचा टनाचा मूळ दर २०१२ पासून ५,३६० रुपयांवर थांबलेला आहे. २०१८ मध्ये गोणी ५० किलोची ४५ किलोची झाली एवढंच. मधला फरक सरकार भरतं. केंद्राचं सगळं खत अनुदान २०१९-२० मध्ये ८१ हजार कोटी रुपयांच्या आसपास होतं, ते २०२२-२३ मध्ये अडीच लाख कोटींवर गेलं. यात डीएपीसारखी खतंही आली, पण फुगवटा मुख्यतः गॅसचा आणि परदेशातून येणाऱ्या मालाचा. दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडल्याची गोष्ट सटाण्याला नवी नाही. १८७०-७१ मध्ये ते करणाऱ्या मामलेदारांचं इथे मंदिर आहे आणि दरवर्षी यात्रा भरते. फरक इतकाच की, देवमामलेदारांच्या खजिन्यातला पैसा उपाशी माणसाच्या हातात पडला. युरियाच्या अनुदानाचा मोठा भाग कतार, अमेरिका आणि गॅसच्या व्यापाऱ्यांकडे जातो आणि शेतकऱ्याला तो दिसतही नाही.

किंमत गोठवली म्हणून महागाई नाहीशी होत नाही. ती वेगळ्या दारानं येते. माल कमी असला की ‘लिंकिंग’ सुरू होतं. दोन गोण्या युरिया हवा तर सोबत नॅनो युरियाची बाटली घ्या, सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी घ्या, नाहीतर कुणी न मागितलेलं विद्राव्य खत. दुकानदाराला विचारलं तर तो सांगतो, कंपनीनंच मला बांधून दिलंय. बिल युरियाचं वेगळं आणि बाकीचं वेगळं, म्हणजे तक्रारीला कागद नाही. लिंकिंग काही २०२२ मध्ये जन्माला आलं नाही. गॅस स्वस्त असतानाही ते होतं. पण गोठवलेल्या भावामागे टंचाई कशी वसूल होते, हे बागलाणच्या शेतकऱ्याला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा नक्की जास्त ठाऊक आहे.

नाशिकच्या सीएनजी पंपावर मात्र असा पडदा नव्हता. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत शहरी गॅसवाटपाचं काम महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे आहे. १ एप्रिल २०२२ पासून राज्यानं सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, रिक्षावाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच दिवशी केंद्रानं देशी गॅसचा दर (दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिटमागे) २.९० डॉलरवरून ६.१० डॉलरवर नेला. ऑक्टोबरात तो ८.५७ झाला. इथे खरी गंमत आहे. २०१४ मध्ये ठरलेल्या सूत्रानुसार मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा भाव अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि रशिया इथल्या भावांवरून काढला जाई. आपल्या समुद्रातला गॅस, आपल्या सरकारी कंपनीनं काढलेला, आणि दर लंडनच्या थंडीवर! किरीट पारिख समितीच्या शिफारशीनंतर एप्रिल २०२३ मध्ये हे सूत्र मोडीत निघालं. दर कच्च्या तेलाशी जोडून त्याला साडेसहा डॉलरची मर्यादा घातली गेली. नऊ वर्षं हे चालू होतं याचं आश्चर्य वाटायला हवं.

परक्या भावावर विसंबण्याचा हा धडा महाराष्ट्राला खरं तर पूर्वीच मिळाला होता. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आयात इंधन आणि डॉलरमधल्या हिशेबावर उभा होता. १९९५ मध्ये तो समुद्रात बुडवायच्या घोषणा झाल्या, मग तोच पुन्हा करार करून उभा राहिला, आणि २००१ मध्ये बंद पडला. त्याच प्रकल्पाचं गुहागरच्या किनाऱ्यावरचं गॅस टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं, पण लाटा अडवणारी भिंत पुरी नसल्यानं पुढे कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे.

बांगलादेशचं वर उल्लेखलेलं भारनियमन बागलाणाला दुसऱ्या बाजूनंही लागलं. इथलं डाळिंब आणि नाशिकचा कांदा-द्राक्ष यांचा तो मोठा ग्राहक. इंधनाच्या आयातीत डॉलर आटले, तेव्हा ढाक्यानं २०२२ मध्येच फळांवरचं आयातशुल्क वाढवलं आणि बँका पतपत्रं उघडायला कां-कूं करू लागल्या. डाळिंब हे तिकडे चैनीच्या यादीत गेलं. तेल्या रोगातून वाचवलेल्या बागेचा माल सीमेवर का अडला, याचं एक टोक टीटीएफच्या फलकावर होतं.

गेलनं सेफेविरुद्ध लवादात दावा लावला. जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. जहाजं चुकवणाऱ्याला त्या काळात दंड भरूनही माल दुसरीकडे विकणं परवडावं असे बाजारभाव होते. तडजोडीची रक्कम गेलच्या ताळेबंदात जमा झाली. द्रवरूप गॅस आयात करणाऱ्या ‘पेट्रोनेट’नं फेब्रुवारी २०२४ मध्ये कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०४८ पर्यंत वाढवून घेतला. याच काळात गोरखपूर, सिंद्री, बरौनी, रामगुंडम इथले बंद पडलेले युरिया कारखाने पुन्हा उभे करून स्वावलंबनाचे ढोल वाजवले गेले. हे सगळे कारखाने गॅसवर चालतात, आणि वाढीव गॅस बाहेरूनच येतो. म्हणजे जी गोणी पूर्वी आयात व्हायची, तिच्यातला गॅस आता आयात होतो. रोजगार इथे राहतो हे खरं, पण जहाज वळण्याची भीती तेवढीच राहते. युरोपीय संघानं रशियन गॅस २०२७ पर्यंत पूर्ण बंद करायचं ठरवलं आहे, तेव्हा जहाजांच्या बाजारातलं ते तगडं गिऱ्हाईक कुठे जाणार नाही.

समृद्धी महामार्गाच्या कडेनं मुंबई-नागपूर गॅसवाहिनीचं काम गेलनं हाती घेतलं, ती नाशिक जिल्ह्यातून जाते. तिच्यातला गॅस कुणाकडून, किती वर्षांच्या बोलीवर आणि जहाज न आल्यास किती दंडावर घेतला आहे, हे प्रश्न खासदारांना विचारण्याजोगे आहेत. तूर्त युरिया संपला की मोर्चा तहसील कार्यालयावर जातो, निवेदन तालुका कृषी अधिकाऱ्याला दिलं जातं, आणि तो बिचारा दुकानांचे साठे तपासायला निघतो.