भिंतीआडची माणसे
अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला म्हटला की १९४२ साली तेथे डांबलेले नेहरू, पटेल, मौलाना आझाद आठवतात. नेहरूंनी तेथे ग्रंथ लिहिला, म्हणून त्या कोठडीचा इतिहास झाला. पण याच जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात विसापूरचेही कारागृह आहे. तेथल्या आणि नगरच्या सबजेलमधल्या माणसांचा इतिहास कोण लिहिणार?

या भिंतींआड असते तरी कोण? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी सांगते की, देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे गुन्हा शाबीत झालेला नाही, तरी तुरुंगवास चालू! अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. नगर जिल्ह्यातल्या पारधी बांधवाला हे वेगळे सांगायला नको. १८७१ च्या कायद्याने मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, पोलिसांच्या डोक्यातून नाही.

त्याच २०२२ साली देशभरात ११९ कैद्यांनी तुरुंगात आत्महत्या केल्या. मॉडेल प्रिझन मॅन्युअल ५०० कैद्यांमागे एक मानसोपचारतज्ज्ञ वा समुपदेशक मागते. प्रत्यक्षात साऱ्या देशात असे तज्ज्ञ होते अवघे २५. मग खचलेल्या कैद्याने मन कोणाजवळ मोकळे करायचे?

आणि जात? ती तुरुंगाच्या दारात बाहेर राहत नाही. पश्चिम बंगालच्या नियमावलीत झाडूकाम मेहतर वा हाडी जातीच्या कैद्याकडे लावलेले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. बाबासाहेबांनी कलम १७ लिहिले, त्याला तुरुंगाच्या आत शिरायला पाऊणशे वर्षे लागावीत, ही शरमेची बाब आहे.

आम्ही येथे तुरुंग शिपायालाही विसरत नाही. रिकाम्या पदांचा बोजा त्याच्याच खांद्यावर पडतो. रात्रपाळी, हुकलेली रजा, गर्दीचा ताण, वरून साहेबांची बोलणी. हा शिपाईही बहुधा शेतकरी, बहुजन घरातलाच. दबलेला शिपाई दबलेल्या कैद्यावर हात उगारतो आणि व्यवस्था मात्र नामानिराळी राहते. कैद्याचे मन आणि शिपायाचे मन हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने कच्च्या कैद्यांची यादी तपासावी. नव्या कायद्याच्या कलम ४७९ नुसार, गंभीर गुन्हे वगळता, एक तृतीयांश शिक्षेइतका काळ आत काढलेल्या पहिल्यांदाच्या आरोपीला सोडावे. रिक्त पदे भरावीत, समुपदेशक नेमावा, तो कैद्यांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठीही. आणि आमच्या वकील कार्यकर्त्यांनी महिन्यातून एकदा तरी तुरुंगाची पायरी चढावी. जयंतीच्या मिरवणुकीइतकेच हेही भीमकार्य आहे.