चॉकलेटच्या तासाला भिरंडाच्या बिया

शाळेत ‘चॉकलेट मेकिंग’ची ॲक्टिव्हिटी आहे, पैसे पाठवा, असा निरोप पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला की पुढचं सगळं मला तोंडपाठ असतं. बाजारातून कंपाउंडचा स्लॅब येतो. स्टाफरूममध्ये गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून तो वितळवला जातो. मुलं रांगेने येऊन साच्यात एकेक चमचा ओततात, साचे हेडमास्तरांच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये जातात आणि दुसऱ्या दिवशी चकचकीत कागद, फोटो, टाळ्या. मुलं खूश होतात, त्याबद्दल वाद नाही. पण शिकली काय, तर कागद गुंडाळायला.

पेडणे तालुक्यातल्या हायस्कुलात मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. मुलांचे दात किडतील म्हणून चॉकलेट वर्गाबाहेर ठेवा, असं सांगायला मी हे लिहीत नाही. चॉकलेट वर्गात जरूर आणा. फक्त आणलंच आहे तर नीट उघडा. सुरुवात त्या स्लॅबच्या वेष्टनापासूनच करता येते. मागचा बारीक मजकूर सहावीच्या मुलाला मोठ्याने वाचायला लावा. आधी साखर, मग हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, आणि नंतर कुठेतरी कोको पावडर. कोको बटर बहुतेक वेळा सापडतच नाही. ते महाग, म्हणून त्याच्या जागी दुसरी चरबी. एवढ्यावरच अर्धा तास सहज जातो.

उरलेल्या अर्ध्या तासासाठी माझी सूचना भिरंडेलाची आहे. आमच्याकडे भिरंडं, म्हणजे कोकमं, पिकली की साली सोलांसाठी उन्हात पडतात आणि बिया कुडाला लागून वाळत राहतात. माझं माहेर डिचोली तालुक्यात, मयेला. तिथे आई त्या बिया फोडून आतला गर कुटायची, पाण्यात उकळायची, वर तरंगलेलं तेल काढून घ्यायची आणि निवल्यावर त्याचे मुठीएवढे गोळे वळायची. पांढुरका, मेणासारखा घट्ट गोळा. कुडाळ-मालवणकडे यालाच मुठेल म्हणतात. थंडीत टाचांना भेगा पडल्या की दिव्यावर जरा धरायचा आणि चोळायचा.

हा गोळा आणि चांगल्या चॉकलेटची वडी, दोन्ही वर्गात न्यायची. मुलांच्या एका तळव्यावर चॉकलेट, दुसऱ्यावर भिरंडेलाचा तुकडा. मुठी मिटून शंभरपर्यंत मोजायचं. चॉकलेटचा हात लडबडलेला निघतो, भिरंडेलाचा नुसता तुळतुळीत. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, भिरंडेल ४० च्या आसपास. आपलं अंग ३७ चं, म्हणजे बरोबर दोहोंच्या मधलं. तोंडात टाकल्याबरोबर चॉकलेट विरघळतं त्याचं सगळं रहस्य या आकड्यांत आहे, आणि एप्रिलमध्ये दप्तरातली वडी का लोळागोळा होते त्याचंही. मग थर्मामीटर आणि कोमट पाण्याची वाटी घेऊन हे आकडे मुलांनाच काढू द्यावेत. दोन-तीन अंशांनी चुकतील. चुकू देत.

पुढची गोष्ट मुलांना खरी वाटत नाही. युरोपीय महासंघाने २००० साली चॉकलेट कशाला म्हणायचं याचा निर्देश काढला. त्यात कोको बटरशिवाय सहाच वनस्पतिजन्य चरब्या, त्याही एकूण पाच टक्क्यांपर्यंत, चालतील असं ठरलं. पाम, शिया, इलिपे, साल, आंब्याची कोय आणि भिरंड. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून हमखास ओरड येते, “टीचर, हें पांयांक लायतात!” लावतात खरंच, आणि ब्रसेल्सचे कायदेपंडित त्याला चॉकलेटमध्ये चालवून घेतात. घरामागे सडणाऱ्या बियांबद्दल त्या दिवसानंतर मुलं वेगळ्या नजरेने विचारू लागतात. परभारे भाव विचारणारीही निघतात. पेडण्याची मुलं व्यवहाराला कच्ची नसतात.

कोकोचं झाड पाहायचं तर फार लांब जायला नको. गोव्यातल्या काही कुळागरांत आणि पर्यटकांना दाखवतात त्या मसाल्याच्या बागांत माडा-पोफळीच्या सावलीला कोकोची झाडं आहेत. फळ थेट बुंध्यावर लटकतं, फणसासारखं. फोडलं की आत पांढऱ्या, आंबटगोड गराने लपेटलेल्या बिया, आणि बी चावली तर कडूजहर. त्या कडू बिया पाच-सहा दिवस आंबवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, तेव्हा कुठे चॉकलेटचा वास सुटतो. काजूची बोंडं मळून रस आंबवणाऱ्या घरातल्या मुलाला आंबवणं म्हणजे काय हे फळ्यावर समजावून द्यायची गरज नसते. आणि उसगावला नेस्लेचा कारखाना १९९५ पासून उभा आहे, तिथे किटकॅट होतं. डिचोलीतला त्यांचाच दुसरा कारखाना १९९७ चा. आमच्या मुलांचे काका-मामा अशा कारखान्यांच्या बसने कामाला जातात. चॉकलेट स्वित्झर्लंडहून येतं हे मात्र त्यांनी टीव्हीवर पाहून पाठ केलेलं असतं.

समाजशास्त्राच्या शिक्षकांनीही यात हात घालावा. पोर्तुगीजांनी काजू ब्राझीलमधून आणून आपल्या डोंगरांवर लावला, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक असतं. त्याच ब्राझीलमधून १८२२ साली त्यांनीच कोको आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर नेला. पुढे शेजारच्या साओ टोमेवर मळे फुलले, ते अंगोलातून जबरदस्तीने आणलेल्या मजुरांच्या जिवावर. इतकं की १९०९ मध्ये कॅडबरीसह काही ब्रिटिश कंपन्यांनी तिथला कोको घेणंच बंद केलं. तेव्हा पेडण्यावरही लिस्बनचंच राज्य होतं, १७८८ पासून. जगाच्या नकाशावर काजूची एक रेघ आणि कोकोची एक रेघ ओढली की साम्राज्य या शब्दाचा अर्थ सांगत बसावं लागत नाही.

आणि आजचंही सांगावं. आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत तिथल्या कोकोच्या शेतीत राबणाऱ्या मुलांचा अंदाज १५ लाख ६० हजार निघाला. गोव्याची लोकसंख्याच साधारण एवढी. सहावीतल्या मुलांना इतक्या लवकर हे कशाला, असं काही पालक म्हणतील. त्या शेतांत याच वयाची मुलं कोयता चालवतात, हे त्यांना मी शांतपणे सांगेन.

शिक्षकांची अडचण मला कळते. अभ्यासक्रम, परीक्षा, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामं, त्यात नवं काही नको. पण २०२५ पासून सहावीपासून पुढचे वर्ग एप्रिलमध्येच भरू लागले आहेत. त्या निर्णयावर पालक उकाड्यावरून चिडले, आणि ते चुकीचं नव्हतं. पण एकदा मुलं एप्रिलात वर्गात बसणारच असतील, तर काजूचा हंगाम ओसरताना आणि भिरंडं लाल होताना ती हाताशी आहेत, हा फायदा आयताच मिळालाय. जूनच्या वेळापत्रकात तो कधी मिळत नव्हता.

शाळांनी एवढंच करावं, की बिया आधी सांगून ठेवाव्यात. सोलं करणाऱ्या बायका मागितल्या तर पिशवीभर देतात, नाहीतर त्या माडाच्या आळ्यात टाकून मोकळ्या होतात. आणि नीट सुकवलेल्याच घ्याव्यात. पावसाची एक सर लागली तरी बुरशी धरते, मग तेल खवट निघतं.