जुन्या गाडीत खरेदीनंतर बिघाड निघाला, तर आपले हक्क कोणते?

दिल्लीची गाडी स्वस्तात मिळते, असे आपण ऐकले असेल. त्याला कारण आहे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर राजधानी परिसरात बंदी कायम केली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीतील पंपांवर अशा गाड्यांना इंधन नाकारण्याचा आदेश लागू झाला आणि काही दिवसांतच तो पुढे ढकलला गेला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने केवळ वयामुळे मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरतेच ठेवण्यात आले.

नियम असे बदलत राहिले की मालक गाडी लवकर विकून मोकळा होऊ पाहतो. मग तीच गाडी दिल्ली, गुरुग्राम, नोएडा येथील विक्रेत्यांकडून कमी पगाराच्या कुटुंबाकडे किंवा थेट महाराष्ट्रात पोहोचते. कर्ज काढून घेतलेली गाडी महिनाभरात बंद पडली, तरी हप्ता थांबत नाही. म्हणून आपले हक्क आधीच माहीत असावेत.

कायद्याचे संरक्षण कोणाला?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुन्या वस्तूंनाही लागू होतो. व्यापारासाठी घेतलेली गाडी त्यात बसत नाही. मात्र स्वतः चालवून केवळ पोटापाण्यासाठी गाडी घेतली असेल, तर आपण ग्राहकच ठरता.

विक्रेता कोण आहे, हे तितकेच महत्त्वाचे आहे. गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्याकडून खरेदी केली असेल, तर ग्राहक आयोगात जाता येते. शेजाऱ्याने किंवा ओळखीच्या माणसाने स्वतःची गाडी विकली असेल, तर तो व्यापारी नसतो. तेव्हा दिवाणी न्यायालयाचा आणि जाणूनबुजून फसवले असल्यास पोलीस तक्रारीचा मार्ग राहतो.

मोबाइल ॲपवरून गाडी घेताना पावती कोणाच्या नावाची आहे ते पाहा. जाहिरात कंपनीची असते, पण करारात विक्रेता म्हणून जुन्या मालकाचे नाव आणि कंपनी फक्त मध्यस्थ, असेही असू शकते. सही करण्यापूर्वी हे विचारून घ्या.

कोणता बिघाड 'दोष' ठरतो?

आठ वर्षांच्या गाडीचे टायर, बॅटरी किंवा क्लच झिजले, तर ती वापराची झीज आहे. त्यासाठी भरपाई मिळणे अवघड असते. पण पुढील गोष्टी वेगळ्या आहेत:

- मीटर मागे फिरवून गाडी कमी चाललेली दाखवणे
- मोठा अपघात किंवा पुरात बुडालेली गाडी असल्याचे लपवणे
- इंजिन किंवा गिअरबॉक्सचा माहीत असलेला बिघाड न सांगणे
- लेखी दिलेली वॉरंटी न पाळणे

खोटी माहिती देऊन वस्तू विकणे ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, हेही त्यातच मोडते. म्हणून बिघाड दिसताच वाट पाहू नका. पहिल्या महिन्यातच लेखी कळवा.

करारात 'जशी आहे तशी' असे लिहिलेले असले, की आपले सगळे हक्क संपले असे नाही. दिसणारी झीज आपण स्वीकारली, एवढाच त्याचा अर्थ घेता येतो. लपवलेली गोष्ट आपण स्वीकारली, असा त्याचा अर्थ होत नाही.

गाडीचे वय मात्र आरसीवर लिहिलेलेच असते, त्यामुळे तो दोष ठरत नाही. प्रदूषण वाढल्यावर निर्बंधांचा तिसरा टप्पा लागू झाला, की दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि गौतमबुद्धनगर येथे बीएस-३ पेट्रोल व बीएस-४ डिझेल चारचाकींवर बंदी येते. खरेदीपूर्वी आरसीवरील तारीख आणि बीएस श्रेणी स्वतः वाचा.

बिघाड निघाल्यावर काय करावे?

१. गाडी लगेच उघडून दुरुस्त करू नका. आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून लेखी तपासणी अहवाल घ्या. बिघाड विक्रीच्या वेळीच होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली असते. दुरुस्तीनंतर पुरावा उरत नाही.

२. बिल, करार, जाहिरातीचे फोटो, व्हॉट्सॲप संदेश आणि पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा.

३. विक्रेत्याला लेखी नोटीस द्या: बिघाड काय आहे, आपली मागणी काय आहे आणि किती दिवसांत उत्तर हवे.

४. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. येथे समेटाचा प्रयत्न होतो, आदेश मिळत नाही.

५. प्रश्न सुटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर प्रकरण येथेच चालते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवर घरूनही तक्रार दाखल करता येते.

६. मुदत दोन वर्षांची आहे.

आपण जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. गाडी दिल्लीत घेतली आणि आपण नाशिकला राहता, तर नाशिकच्या आयोगात जा. आयोग दुरुस्ती, बदली वस्तू, पैसे परत किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो. तांत्रिक तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे; प्रत्यक्षात उशीर होतो, हे धरून चाला. तोवर कर्जाचे हप्ते थांबवू नका. बँकेचा करार वेगळा आहे, आणि हप्ता चुकला तर गाडी जप्त होऊ शकते.

खरेदीपूर्वी पाच मिनिटे

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन विभागाचे अधिकारपत्र लागते. ते दाखवायला सांगा. परिवहन पोर्टलवर गाडीवरील कर्ज, विमा आणि थकीत चलन तपासा. ताबा घेतल्यावर आरसी आपल्या नावावर करण्यासाठी ३० दिवसांत आणि विमा नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करा. दुसऱ्या राज्यात नेणार असाल, तर ना-हरकत प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

मोफत कायदेशीर मदत

महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी राज्यानुसार उत्पन्नमर्यादा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. जाताना तपासणी अहवाल आणि बिल सोबत न्या. आपली बाजू त्या दोन कागदांवर उभी राहते.